कोणत्या कंपनीचा कॉम्प्युटर घेऊ? आधी पिनकोड सांगा

दहावी-बारावीचे निकाल लागले की मला फोन यायला लागतात. "पोरासाठी कॉम्प्युटर घ्यायचाय, कोणत्या कंपनीचा चांगला?" मी विचारतो, "तुमचा पिनकोड किती?" पलीकडच्या माणसाला वाटतं, मी कुरियर पाठवतोय. पण कोल्हापूर शहरात राहणाऱ्याला मी जे सांगतो तेच गगनबावड्याच्या माणसाला सांगत नाही, आणि त्याचं कारण मशिनमध्ये नाही, मशिन बिघडल्यावर पुढे काय होणार यात आहे. घरचा कॉम्प्युटर पहिल्यांदाच घेताय असं धरून क्रमानं सांगतो.

पहिली पायरी : घरी बसून कागदावर

दुकानात जाण्याआधी दोन ओळी लिहा. कोण वापरणार आणि कशासाठी? शाळेचा अभ्यास, ऑनलाइन फॉर्म, टायपिंग, टॅली एवढंच असेल तर एक यादी. व्हिडिओ एडिटिंग, ऑटोकॅड, गेम असतील तर दुसरी. पोरगं हॉस्टेलवर जाणार असेल तर लॅपटॉपच घ्या. टेबलावरून हलणार नसेल तर डेस्कटॉप, कारण तेवढ्याच पैशात तो जास्त काम देतो आणि एखादा भाग गेला तर तेवढाच बदलता येतो. ऑल-इन-वन, म्हणजे स्क्रीनच्या मागेच सगळा कॉम्प्युटर बसवलेला, दिसायला छान असतो, पण तो खोलणं लॅपटॉप खोलण्याइतकंच किचकट.

साध्या कामालाही आता ८ जीबी रॅमच्या खाली जाऊ नका. शक्य असेल तर १६ घ्या. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव खूप चढले, त्यामुळे इथे हात आखडावासा वाटेल. मग निदान रॅमचा एक स्लॉट मोकळा आहे ना, नंतर वाढवता येईल ना, एवढं विचारून घ्या. एसएसडी, म्हणजे हार्डडिस्कच्या जागी येणारी वेगवान डिस्क, हवीच. ती नसलेलं नवं मशिन कुणी दाखवत असेल तर तो जुना माल संपवतोय.

दुसरी पायरी : पिनकोडची परीक्षा

एचपी, डेल, लेनोवो, एसर, असूस. घरगुती वापरासाठी दुकानात बहुतेक हीच नावं दिसतील, आणि बजेट मोठं असेल तर ॲपल. या पाचांपैकी कोण चांगला यावर लोक हिरिरीनं भांडतात. मी भांडत नाही. क्वांटा, कॉम्पाल, विस्ट्रॉन अशा तैवानी कंपन्या एकाहून जास्त ब्रँडचे लॅपटॉप बनवून देतात. आतले प्रोसेसर तर बहुतेक वेळा इंटेल नाहीतर एएमडीचेच. वेगळं असतं ते डिझाइन, कुठे पैसे वाचवले ते, आणि विक्रीनंतरची सेवा. यातली शेवटची गोष्ट तुम्हाला खरेदीआधी तपासता येते.

कंपनीच्या वेबसाइटवर सर्व्हिस सेंटर शोधायची सोय असते. तिथे पिनकोड टाका. मग टोल फ्री नंबरवर फोन करून तीन प्रश्न विचारा. माझ्या पिनकोडवर या मॉडेलची ऑनसाइट सेवा आहे का, म्हणजे माणूस घरी येतो की मशिन घेऊन मी यायचं? नसेल तर जवळचं केंद्र कुठे? आणि तिथे डेस्कटॉपचं काम होतं की फक्त लॅपटॉपचं? काही केंद्रं एकाच कंपनीची नसतात. तिथे प्रिंटरपासून मोबाइलपर्यंत सगळं एका टेबलावर चालतं.

पुढचं काम फार कुणी करत नाही, पण मी सगळ्यांना करायला लावतो. त्या सर्व्हिस सेंटरच्या दारात पंधरा मिनिटं उभं राहा. बाहेर पडणाऱ्या एखाद्याला विचारा, "किती दिवस लागले हो?" आपल्याकडे माणसं या प्रश्नाला मनापासून उत्तर देतात, कधीकधी गरजेपेक्षा जास्तच. पार्ट आठवड्यात आला की महिना गेला, तक्रार एकदा करावी लागली की पाच वेळा, हे तिथे कळतं. इंटरनेटवरचे तारे मोजून ते कळत नाही. तिथली निम्मी परीक्षणं माल घरी आल्या दिवशी, खोक्याचा फोटो टाकून लिहिलेली असतात.

तिसरी पायरी : नावामागची मालिका पाहा

एकाच कंपनीचे दोन लॅपटॉप एकमेकांचे सावत्र भाऊ असल्यासारखे असू शकतात. लेनोवोची आयडियापॅड ही घरगुती मालिका आणि थिंकपॅड ही ऑफिसची. थिंकपॅड मुळात आयबीएमचा, २००५ मध्ये आयबीएमचा पीसी व्यवसाय लेनोवोनं घेतला तेव्हा तो सोबत आला. एचपीत पॅव्हिलियन हे घरासाठीचं, प्रोडेस्क आणि एलिटडेस्क ही ऑफिससाठीची ओळखीची नावं. डेलमध्ये वर्षानुवर्षं इन्स्पिरॉन घरगुती आणि ऑप्टिप्लेक्स, लॅटिट्यूड ऑफिसचे होते. जानेवारी २०२५ मध्ये डेलनं ती जुनी नावं मोडीत काढून डेल, डेल प्रो आणि डेल प्रो मॅक्स अशी नवी रचना जाहीर केली. दुकानात अजून दोन्ही नावं कानावर पडतील, गोंधळू नका.

ऑफिसच्या मालिकेची मशिनं खोलायला सोपी असतात आणि त्यांचे पार्ट जास्त वर्षं मिळतात. किंमत जास्त असते. पण घरी रोज सात-आठ तास मशिन चालणार असेल, कुणी घरून अकाउंटचं काम करत असेल, तर "डेल चांगला की एचपी" यात डोकं घालण्यापेक्षा त्याच कंपनीची वरची मालिका परवडते का ते पाहा.

तयार डेस्कटॉपची एक अडचण आधीच सांगून ठेवतो. डेल, एचपी, लेनोवोच्या बऱ्याच डेस्कटॉपमध्ये एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा) आणि मदरबोर्ड (सगळे भाग जोडणारा मुख्य बोर्ड) त्यांच्या स्वतःच्या मापाचे असतात, कनेक्टरही वेगळे. वॉरंटी संपल्यावर एसएमपीएस गेला तर गल्लीतल्या दुकानातला बसेलच असं नाही. असेंबल्ड, म्हणजे सुटे भाग निवडून जोडून घेतलेल्या मशिनमध्ये हा त्रास नाही.

आता भरवशाबद्दल. चूक न केलेली कंपनी मला तरी माहीत नाही. २००३ ते २००५ या काळात विकलेल्या डेलच्या ऑप्टिप्लेक्समध्ये मदरबोर्डवरचे कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) फुगून गळायला लागले आणि दुरुस्तीसाठी कंपनीला ३० कोटी डॉलर बाजूला काढावे लागले. अगदी अलीकडे, इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतले काही डेस्कटॉप प्रोसेसर जास्तीच्या व्होल्टेजमुळे बिघडायला लागले. तेव्हा २०२४ मध्ये इंटेलनं त्यांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. चूक झाल्यावर कंपनीनं काय केलं, हे मी बघतो. वॉरंटी वाढवणारी कंपनी मला चालते.

आणि कंपनीच धंदा सोडून गेली तर? तेही झालंय. विप्रोनं २०१३ मध्ये पीसी बनवणं थांबवलं. सोनीनं २०१४ मध्ये वायो विकून टाकला. लॅपटॉप ज्यांनी घरोघरी नेला त्या तोशिबानं २०२० पर्यंत आपला उरलासुरला हिस्साही शार्पला दिला. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉननं रॅम आणि एसएसडीचा आपला क्रूशल हा ब्रँड ग्राहकांसाठी बंद करत असल्याचं जाहीर केलं. विकलेल्या मालाची वॉरंटी आपण पाळू, असंही त्यांनी सांगितलं आहे. म्हणून सेलमध्ये एखादं अनोळखी नाव भन्नाट भावात दिसलं की मी एवढंच बघतो, यांचं महाराष्ट्रात एक तरी केंद्र आहे का? नसेल तर तो भाव वॉरंटी वजा करून लावलेला आहे असं धरतो.

चौथी पायरी : असेंबल करताना

असेंबल्ड म्हणजे कमअस्सल हा समज काढून टाका. मुंबईत ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे पाटीवरच्या डॉ. भडकमकर मार्गावर, वर्षानुवर्षं लोक याद्या घेऊन जातात आणि तयार मशिनपेक्षा चांगलं घेऊन येतात. फरक इतकाच की तिथे तुम्हाला एका ब्रँडऐवजी सहा-सात निवडायचे असतात. मदरबोर्डसाठी असूस, गिगाबाइट, एमएसआय, एएसरॉक. एसएसडीसाठी सॅमसंग, डब्ल्यूडी, किंग्स्टन. इथवर दुकानदार स्वतःच चांगली नावं सुचवतो, कारण गिऱ्हाईक ती विचारतं.

एसएमपीएस मात्र कुणी विचारत नाही. तो कॅबिनेटच्या आत, मागच्या कोपऱ्यात बसतो, स्क्रीनवर त्याचं नाव कधी येत नाही. त्यामुळे पैसे वाचवायचे झाले की पहिली कात्री त्यालाच लागते. बऱ्याचदा तो कॅबिनेटबरोबर "फुकट" येतो. आमच्या घरच्या पहिल्या असेंबल्ड मशिनमध्ये असाच एक होता. वर स्टिकर ४५० वॅटचा, हातात घेतला तर पावाच्या लादीएवढा हलका. एका पावसाळ्यात दिवसभर लाइट ये-जा करत होती, आणि संध्याकाळी त्यानं जीव सोडला. एकटा गेला असता तर चाललं असतं, जाताना मदरबोर्ड आणि हार्डडिस्क घेऊन गेला. त्या हार्डडिस्कवर बाबांनी दोन महिने एका बोटानं टाइप केलेली भाऊबंदकीच्या खटल्याची कागदपत्रं होती. बाबा आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. खटला पुढे तडजोडीनं मिटला, पण ते वेगळं.

तेव्हा यादीत एसएमपीएस स्वतंत्र ओळीत, कंपनी आणि मॉडेलसकट लिहून घ्या. कॉर्सेअर, कूलर मास्टर, अँटेक, डीपकूल यांच्यापैकी कुठलाही चालेल. त्याच्यावर ३ ते ५ वर्षांची वॉरंटी लिहिलेली असावी. '८० प्लस'चं चिन्ह असलं तर उत्तम. फक्त ते चिन्ह वीज किती वाया जाते याबद्दल असतं, आयुष्याबद्दल नाही. आयुष्याचा अंदाज वॉरंटीच्या वर्षांवरूनच करायचा.

प्रोसेसर सीलबंद खोक्यातला मागा. खोक्यातल्या इंटेल किंवा एएमडी प्रोसेसरला कंपनीची ३ वर्षांची वॉरंटी असते. 'ट्रे' नावाचा सुटा इंटेल प्रोसेसर थोडा स्वस्त पडतो, पण त्याची वॉरंटी विकणाऱ्याकडून असते, म्हणजे दुकान बंद झालं की तीही बंद. सगळी रिकामी खोकी घरी आणा. दुकानदार म्हणेल, "कशाला कचरा नेताय?" न्या. सिरियल नंबर त्यांच्यावरच असतात.

पाचवी पायरी : 'आय५'च्या जाळ्यात सापडू नका

या एका गोष्टीवर नवख्या माणसाचे सगळ्यात जास्त पैसे जातात, म्हणून जरा थांबून वाचा.

जाहिरात अशी असते: "आय५ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, वायफाय, मॉनिटरसकट, फक्त इतक्या हजारात." आय५ हे इंटेलच्या प्रोसेसरचं नाव, पण ते एखाद्या आडनावासारखं आहे. कुलकर्णी म्हटलं की आजोबा की नातू ते कळत नाही. पिढी त्यापुढच्या आकड्यात असते. आय५-३४७० यातला ३ म्हणजे तिसरी पिढी, २०१२ ची. आय५-१२४०० मधले पहिले दोन आकडे १२, म्हणजे बारावी पिढी, २०२२ ची. दोघांच्या खोक्यावर 'आय५' तितक्याच ठसठशीत अक्षरात. स्वस्तातल्या त्या जाहिरातींमध्ये बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचे, जुन्या ऑफिस मशिनांतून काढलेले प्रोसेसर असतात. त्यांच्याखाली एच६१ चिपसेटचा (म्हणजे बोर्डवरच्या मुख्य चिपचा) मदरबोर्ड असतो. हा चिपसेट २०११ चा. बोर्ड नवा छापलेला असतो, कॅबिनेटला रंगीत दिवे असतात आणि मशिन 'नवीन' म्हणून विकलं जातं.

ते चालू होत नाही असं नाही. होतं. पण विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला साधारणपणे इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची आणि टीपीएम २.० (सुरक्षेसाठीची चिप) लागतं. म्हणजे हे मशिन विकत घेतल्या दिवशीच मुदतबाह्य. विक्रेता आडमार्गानं विंडोज ११ टाकूनही देतो. पुढचे अपडेट नीट येतील याची हमी मात्र कुणी देत नाही.

इंटेलनं अलीकडे 'कोअर अल्ट्रा' अशी नवी नावं आणली आहेत, तिथे हा हिशेब थोडा बदलतो. एएमडीत आणखी गंमत. रायझन ५ ७५२०यू असं नाव पाहून वाटतं, ७००० म्हणजे अगदी नवा. पण २०२३ पासूनच्या या लॅपटॉप मालिकेत तिसरा आकडा आतली रचना सांगतो. इथे तो २ आहे, म्हणजे झेन २, २०१९ ची रचना. साध्या कामाला तो वाईट नाही, फक्त नव्याचे पैसे देऊ नका.

जुनं घ्यायचंच असेल तर उघडपणे जुनं घ्या. कंपन्यांनी वापरून सोडलेली आठव्या पिढीपुढची ऑफिस मालिकेची रिफर्बिश्ड, म्हणजे तपासून-दुरुस्त करून पुन्हा विकायला काढलेली मशिनं विद्यार्थ्याला चांगली चालतात. दुकानाची लेखी वॉरंटी तेवढी घ्या.

सहावी पायरी : पैसे देण्याआधी

"बिल नको असेल तर इतके कमी करतो," हे वाक्य ऐकू येईलच. कॉम्प्युटरवर १८ टक्के जीएसटी आहे, म्हणजे ४० हजारांच्या मशिनवर ७,२०० रुपये. मोह होतो. पण पक्कं बिल नसेल तर कंपनीच्या दारात तुम्ही कुणीच नाही. बिलावर मॉडेल आणि सिरियल नंबर लिहून घ्या. असेंबल्ड असेल तर प्रत्येक भागाचा.

लॅपटॉप किंवा मॉनिटरच्या लेबलवर भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह आणि 'आर' अक्षरानं सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. ब्युरोच्या 'बीआयएस केअर' ॲपमध्ये तो टाकून पाहता येतो. दोन मिनिटांचं काम.

विंडोजचं विचारा. काही लॅपटॉप 'डॉस'वाले म्हणून स्वस्त मिळतात. त्यात विंडोज नसतं, दुकानदार कुठून तरी टाकून देतो. तयार ब्रँडेड लॅपटॉपबरोबर येणाऱ्या विंडोजचा परवाना त्याच मशिनला जोडलेला असतो, फॉरमॅट केलं तरी परत मिळतो. हा फरक किमतीत धरा. खर्च नकोच असेल तर उबुंटू टाका, मराठी टायपिंग त्यातही होतं.

वाढीव वॉरंटी घ्यावी का? लॅपटॉपला हो, तीही कंपनीची, दुकानाची किंवा ॲपवाल्यांची नाही. डेस्कटॉपला मी सहसा नको म्हणतो. घरात लहान मूल आणि चहाचा कप एकाच टेबलावर येत असतील तर अपघाती नुकसान भरून देणारा प्लॅन घ्या. साध्या वॉरंटीत चहा बसत नाही.

सातवी पायरी : घरी आल्यावर

खोकं उघडताना मोबाइलवर व्हिडिओ काढा. मशिन सुरू झालं की कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स या भागात प्रोसेसरचं पूर्ण नाव, रॅम आणि डिस्क एसएसडी आहे की नाही ते दिसतं. बिलाशी ताडून पाहा. मग कंपनीच्या साइटवर सिरियल नंबर टाकून वॉरंटीची तारीख बघा. डेलमध्ये त्याला सर्व्हिस टॅग म्हणतात. मशिन दुकानात सहा महिने पडून असेल तर तारीख मागची दिसू शकते. त्याच आठवड्यात बिल पाठवून ती दुरुस्त करायला सांगा. दोन वर्षांनी हा वाद घालू नका.

आता विजेकडे वळू, कारण ब्रँडच्या नावानं फोडली जाणारी निम्मी खापरं खरं तर भिंतीतल्या वायरिंगची असतात. चालू मशिनच्या कॅबिनेटला अनवाणी पायानं हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर मशिन परत करायला धावू नका. एसएमपीएसच्या आतला फिल्टर थोडासा प्रवाह अर्थिंगकडे सोडत असतो. घरात अर्थिंग नसेल तर तो तुमच्यातून जातो. तीन पिनांचं सॉकेट आहे म्हणजे अर्थिंग आहे असं नाही, जुन्या वाड्यांत आणि चाळींत तिसरं भोक बऱ्याचदा नुसतं शोभेचं असतं. इलेक्ट्रिशियनला बोलवा.

डेस्कटॉपला यूपीएस हवा. एका साध्या मशिनला ६०० व्हीएचा पुरतो, काम सेव्ह करून बंद करण्याइतका वेळ मिळतो. त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांत बदलावी लागते, तो खर्च आधीच मनात धरा. घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागे 'यूपीएस मोड'चं बटण आहे का पाहा. ते चालू असलं तर लाइट जाताना मशिन बहुधा बंद पडत नाही.

आणि तरीही बिघडलं, आणि कंपनी दाद देत नसेल तर

तोंडी भांडू नका. प्रत्येक तक्रारीचा नंबर आणि तारीख लिहून ठेवा, निदान एक तक्रार ईमेलनं करा. त्यानं हललं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, मराठीतही बोलता येतं. अनेक कंपन्या इथपर्यंत आल्यावर जाग्या होतात. त्याही पुढे जायचं झालं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. ५ लाख रुपयांपर्यंतच्या मालाच्या तक्रारीला फी नाही, वकील लागतोच असंही नाही. तिथे पक्कं बिल आणि ते ईमेल कामी येतात.

सगळं नीट चालतंय असं दिसलं की एक जाड कागद घ्या. खरेदीची तारीख, सिरियल नंबर, टोल फ्री नंबर आणि वॉरंटी संपायची तारीख ठळक मार्करनं लिहा आणि कॅबिनेटच्या बाजूला चिकटपट्टीनं लावा. लॅपटॉप असेल तर चार्जरच्या खोक्यावर. बिलाचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा, कारण थर्मल कागदावरचं बिल वर्षभरात पांढरंफटक होतं.